आप्पा, डबा आधी उघडा

ती. आप्पा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

भाऊबरोबर दोन डबे आणि हे पत्र पाठवते आहे. निळ्या झाकणाचा डबा आप्पांचा, स्टीलचा आईचा. आई, तुझ्यात चिकन नाही. तो डबा मी आधी भरला, पातेलंही वेगळं होतं, तेव्हा मनात काही आणू नकोस.

फोनवर हे बोलता येत नाही. आप्पा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, तू डोळे पुसायला लागतेस, की मी काय सांगायला फोन केला तेच विसरते. म्हणून लिहिते.

रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन येतो आहोत, तुम्हाला नाशिकला न्यायला. जानेवारी संपेपर्यंत तुम्ही आमच्याकडे राहायचं. भाऊ-वहिनींशी बोलून ठरवलं, तुम्हाला न विचारता ठरवलं, आणि ते मला गेले आठ दिवस टोचतं आहे. पण विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर आलं असतं ना, आप्पा? मागच्या वर्षीही तेच आलं होतं.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाचाच्या खाली गेला की इकडे पेपरात निफाडचं नाव येतं, आणि मला तुम्ही डोळ्यांसमोर दिसता. पहाटे तीनला उठून, कानाला मफलर गुंडाळून, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत फिरणारे. तो सगळा धूर छातीत जातो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन गारठा आणि धूर ह्या दोनच गोष्टी सांगितल्या. भाऊ शेकोट्या करील, पहाटे ठिबक सोडील, त्याला सगळं तुम्हीच तर शिकवलंय. बाग त्याच्या हातात राहू द्या दोन महिने. रोज संध्याकाळी तो फोनवर घड दाखवील, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

दुसरी काळजी खाण्याची. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा स्वेटर खांद्यावरून लोंबत होता. कवळी लागल्यापासून तुम्ही मटण सोडलंत, तिखट सोडलंत, रात्री दूध-भाकरीवर भागवता. अशाने अंगात ताकद कुठून येणार? तेव्हापासून मी शोधतच होते आणि शेवटी नणंदेकडून ही चिली शिकले. ती अमेरिकेत असते, तिकडच्या बर्फात आठवड्यातून एकदा तरी करते म्हणाली. चिली हे पदार्थाचं नाव आहे, मिरचीचा ठेचा नव्हे, घाबरू नका. टेक्सासने १९७७ साली चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला, पण ती लाल मिरचीची. आपली ही पांढरी, हिच्यात टोमॅटो नाही आणि लाल तिखटाचा कणही नाही. चिकन, पांढरा घेवडा, कांदा, लसूण, जिरं आणि भज्यांची लांब हिरवी मिरची, झालं. घेवडा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिकेकडचीच पिकं, आपण कधीच आपली करून टाकली.

वहिनीसाठी कृती लिहिते. वाटीभर पांढरा घेवडा रात्री भिजत घालायचा, दुकानात पांढरा राजमा म्हणूनही देतात. सकाळी ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात दहा मिनिटं चांगला खळाखळा उकळायचा आणि मग कुकरला लावायचा, सहा शिट्ट्या. बोटाने दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. वहिनी, इथे घाई करायची नाही. कच्चट घेवड्यात विषारी अंश असतो, उलट्या होतात, पोट बिघडतं. पहिल्या वेळी मी दोनच तास भिजवला, दाणा मध्ये कचकचत राहिला, सगळं पातेलं टाकून द्यावं लागलं.

अर्धा किलो चिकन हाडासकट घ्यायचं, मांडीचं. आलं-लसूण घालून मंद आचेवर अर्धा तास, मांस हाडापासून सुटेपर्यंत. भज्यांच्या दोन लांब मिरच्या गॅसवर काळ्या होईतो भाजायच्या, साल आणि बिया काढायच्या. तेलात कांदा मऊ करायचा, लाल नाही करायचा, त्यात लसूण, दीड चमचा जिरेपूड, चमचाभर धनेपूड, त्या मिरच्या. मग घेवडा आणि चिकनचं पाणी. निम्मा घेवडा पळीने घोटायचा, त्यानेच दाटपणा येतो, पीठ लावायचं नाही. वीस मिनिटं रटरटू द्यायचं. पिझ्झाबरोबर ओरेगॅनोच्या पुड्या येतात, त्यातली एक टाकली तर बरं, नसली तरी अडत नाही. मीठ कमी, आप्पांचं बीपी आहे. गॅस बंद करून चमचाभर घट्ट दही, लिंबू, कोथिंबीर.

चिकनचे धागे मात्र हातानेच काढायचे. काल रात्री मी ताट मांडीवर घेऊन बसले होते. एकेक धागा सोडवायचा, बोटांनी चाचपायचं, बारीक हाड लागलं की वाटीत टाकायचं. मध्येच हात थांबला. पडवीतली तीन दगडांची चूल आठवली. आईच्या स्वयंपाकघरात चालत नाही म्हणून तुम्ही बाहेर कोंबडी शिजवायचे, आप्पा. घोंगडीवर मला जवळ घ्यायचे, कंदिलाजवळ धरून प्रत्येक घास तपासायचे आणि मग माझ्या तोंडात घालायचे. तुमची बोटं भाजत असायची, फुंकर मात्र माझ्या घासावर. तेवढं चिकन निवडायला मला काल पाऊण तास लागला. लागू दे.

आई, आता तुझं. लेकीच्या घरी दोन महिने म्हटलं की लोक बोलतील, हेच ना? बोलू देत. जावई स्वतः म्हणाले, "आईंची देवाची जागा आधी करू." पूर्वेच्या खिडकीशी चौरंग मांडलाय, तुळस गॅलरीत आणलीय. चिकनची शेगडी, पातेलं, पळी सगळं मागच्या गॅलरीत, तुझ्या ओट्याला लागणार नाही. तुझ्या चिलीत चिकनच्या जागी लाल भोपळा घातलाय, पाणीही साधंच. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी मी करीन, गुरुवारी तर आमच्याकडेही चिकन नसतं. सकाळचा तुझा गवती चहा सहाला मिळेल, कुंडीत लावलाय.

आणि दिंडीचं. पौषात त्र्यंबकला या वर्षी चालत जायचं नाहीस, गुडघ्याचं पाणी काढून तीन महिने झाले नाहीत. हे लिहिताना माझाच जीव कसनुसा होतोय, तुझी वारी कधी चुकली नाही हे मला ठाऊक आहे. पण इथून त्र्यंबक तीसेक किलोमीटर. दशमीला गाडीने नेते, दिंडी जिथे भेटेल तिथे उतरू, जमेल तेवढी चाल, मी हात धरते. निवृत्तिनाथांचं दर्शन झाल्याशिवाय परत आणणार नाही.

आता नीट ऐका. आप्पा, डबा आजच संपवायचा. पूर्ण उकळी आणून गरम करा, नुसता कोमट नको. बाजरीची भाकरी चुरून घ्या, रश्शात चुरता तशी. रविवारपर्यंत पहाटे बागेत जायचं नाही, भाऊला विचारणार आहे मी. येताना औषधांची पिशवी, कवळीची डबी, आईची माळ, हरिपाठ आणि जुनं घोंगडं. नवी रग घेऊन ठेवलीय, पण तुम्हाला त्याशिवाय झोप लागत नाही.

तिखट कमी वाटलं तर भाऊला सांगून ठेवा. रविवारच्या चिलीत एक मिरची जास्त भाजते.

तुमची,
बेबी