व्हायोलिन शिकवणं ‘शिवाय’मध्ये ढकलू नका

संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत वादकांवर लेख येतात ते मी नेहमी वाचते, काही कापूनही ठेवलेत, आणि व्हायोलिनवाल्यांवर आला तर दोनदा वाचते. पहिला कार्यक्रम कितव्या वर्षी केला, पुरस्कार कुठले, कुणाकुणाबरोबर वाजवलं, दौरे किती झाले, सगळं व्यवस्थित येतं. आणि मग अगदी शेवटी एक वाक्य असतं, ‘शिवाय ते विद्यार्थ्यांना व्हायोलिनही शिकवतात.’ मी २२ वर्षं व्हायोलिन शिकवतेय, वाजवतेय त्याच्याही आधीपासून, आणि हे ‘शिवाय’ वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

कारण खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. क्लासिकल व्हायोलिन वाजवणाऱ्या बहुतेकांचं आयुष्य स्टेजवर कमी आणि शिकवण्याच्या खोलीत जास्त जातं. नुसत्या सोलोवर ज्यांचं वर्षभर चालतं असे लोक मोजकेच. बाकीचे ऑर्केस्ट्रात, क्वार्टेटमध्ये, रेकॉर्डिंगला, आणि हे सगळं सांभाळून आठवड्याचे चार-पाच दिवस विद्यार्थी. ऑर्केस्ट्रात एक खुर्ची रिकामी झाली की तिच्यासाठी रांग लागते, बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी पडद्याआड होते म्हणजे परीक्षकांना तुम्ही दिसत नाही फक्त आवाज जातो, मोझार्टच्या कॉन्चेर्टोचं (एक मुख्य वाद्य आणि त्याच्या साथीला ऑर्केस्ट्रा अशी रचना) पहिलं पान, मग सिम्फन्यांमधले ठरलेले अवघड तुकडे, आणि थोड्याच मिनिटांत थँक यू म्हणतात की झालं. मी अशा दोन ऑडिशन दिल्या. दुसऱ्या वेळी शेवटच्या फेरीपर्यंत गेले होते, तिथे नाही झालं. तेव्हापासून कुणीतरी म्हणतंच, तिकडे जमलं नाही म्हणून शिकवायला लागली. पण मी ऑडिशनची तयारी करत होते तेव्हाही शिकवतच होते ना, आणि शिकवणं हेच माझं काम आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. हे लोकांना पटतच नाही.

जुनं बघायचं तर संगीतकार व्हिवाल्डी बघा. १७०३ साली तो व्हेनिसच्या ओस्पेदाले देला पिएता या संस्थेत लागला तो व्हायोलिनचा मास्तर म्हणून. संस्था अनाथ आणि सोडून दिलेल्या मुलींची. नोकरी कायमची नव्हती, कारभारी मंडळी मतदान करून ठरवायची की हा माणूस पुढे ठेवायचा का नाही, आणि १७०९ मध्ये मत त्याच्या विरोधात गेलं. व्हिवाल्डीला नारळ! १७११ मध्ये परत बोलावलं. आज जगभर वाजतात त्यातले कितीतरी कॉन्चेर्टो त्याने या मुलींना वाजवायला म्हणून लिहिले. मी विद्यार्थ्यांना ते शिकवते तेव्हा मला सारखं जाणवतं की हे लिहिणाऱ्या माणसाला मुलांचा हात कुठे अडखळतो, कुठे दम घ्यायला जागा पाहिजे, हे रोज समोर बघून माहीत होतं. त्याच्यावर लिहिताना मात्र शिकवणं असंच एका ओळीत उरकतात.

दुसरा व्हायोलिनवादक क्रॉइट्झर. बेथोव्हनने आपला एक सोनाटा याला अर्पण केला म्हणून नाव ऐकलेलं असतं, खरं तर याने तो लोकांसमोर कधी वाजवलाच नाही. १७९५ मध्ये पॅरिसचं कॉन्झर्वेटॉर, म्हणजे संगीत शिकवणारी संस्था, सुरू झालं तेव्हापासून हा तिथे शिकवत होता. याने स्वतः १९ व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिले, ते आज क्वचितच कुणी वाजवतं. पण विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्याचे ४२ एट्यूड आहेत, म्हणजे एकेक अडचण सोडवायला एकेक पान असे सरावाचे तुकडे, ते न वाजवता पुढे गेलेला व्हायोलिनवाला मी तरी पाहिलेला नाही. त्यातला दोन नंबरचा, सी मेजरमधला, मी स्वतः अजून वाजवते, वेगवेगळ्या बोइंगने, म्हणजे गज ओढायच्या वेगवेगळ्या पद्धतींनी, सकाळी हात मोकळा करायला. दोनशे वर्षं झाली. कॉन्चेर्टो मागे पडले आणि क्लासमधलं पान राहिलं.

आता शिकवतो म्हणजे काय करतो हे कुणी विचारतच नाही म्हणून मीच सांगते. व्हायोलिनला गिटारसारखे पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचं याची काहीच खूण नाही, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की सूर हलला, आणि जसजसं वर जाल तसतशी सुरांमधली अंतरं अजून कमी होत जातात. त्यात लहान मुलांना मोठं व्हायोलिन पेलत नाही, त्यांच्यासाठी एक सोळांश, एक अष्टमांश, पाव, अर्धं, पाऊण अशी मापं असतात, म्हणजे मूल वाढलं की वाद्य बदलायचं आणि काल पाठ झालेली अंतरं आज सगळी खोटी. दर वेळी कान आणि बोटं नव्याने जुळवायची. हे काम मूल एकटं करू शकत नाही, तिथे समोर कान असलेला माणूसच लागतो, जो सांगेल की तिसरं बोट किंचित खाली आहे, नाही अजून, हां आता ऐक, बघ मोकळी तार पण सोबत वाजायला लागली. (व्हायोलिनवर सूर अगदी बरोबर लागला की बाजूची मोकळी तार कधीकधी आपोआप थरथरते, मुलांना ते दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात.)

आणि बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज. लोकांचं लक्ष डाव्या हाताच्या बोटांकडे जातं पण आवाज उजव्या हातात असतो. बोच्या घोड्याच्या केसांना रोझिन, म्हणजे राळ, लावलेलं असतं, ते तारेला धरतात, ओढतात, सोडतात, परत धरतात, ए तारेवर सेकंदाला ४४० वेळा. किती वजन द्यायचं, किती वेगाने ओढायचं आणि ब्रिजपासून (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) किती लांब, या तीन गोष्टींचा मेळ बसला तर आवाज, नाहीतर करकर. शिवाय बो हातापाशी जड आणि टोकाला हलका, म्हणजे एकसारखा लांब सूर काढायला सुद्धा हात सारखं काहीतरी बदलत असतो आणि ऐकणाऱ्याला ते कळता कामा नये. माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिले काही आठवडे आम्ही डावा हात वापरतच नाही, नुसत्या मोकळ्या तारा. पालक अस्वस्थ होतात, गाणं कधी वाजवणार विचारतात. मी त्यांना समजावते आणि मोकळ्या ताराच वाजवत राहतो.

हे मी इतकं धरून का बसते त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या शिक्षकांनी मला सहा वर्षं शिकवलं, तुकड्यामागून तुकडे करून घेतले, स्पर्धांना पाठवलं, पण माझा डावा अंगठा व्हायोलिनच्या मानेला आवळून धरतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही किंवा पाहून सोडून दिलं. सतराव्या वर्षी मनगटापासून कोपरापर्यंत दुखायला लागलं, रात्री झोपमोड व्हायची, मला वाटलं संपलं आता. नंतर ज्या बाई भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी व्हायोलिन बाजूला ठेवायला लावलं आणि हात नुसता खाली सोडून उभी राहा म्हणाल्या. मग चार महिने मोकळ्या तारा आणि अंगठा सैल. मला त्या चार महिन्यांत लाज वाटायची, एवढी मोठी झाले आणि परत पहिलीत, पण आज मी वाजवू शकते ती केवळ त्या चार महिन्यांमुळे. त्या बाई मोठ्या स्टेजवर फार वाजवल्या नाहीत. त्यांच्यावर कुठे काही छापून आलेलं मला आठवत नाही.

हंगेरीत जन्मलेल्या पॉल रोलंड यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात याच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम केलं, की वाजवताना अंग आखडायचं नाही, पहिल्या दिवसापासून सगळं शरीर मोकळं हललं पाहिजे. तारवाद्यं शिकवणाऱ्यांची संघटना उभी करण्यातही ते होते. आमच्यात त्यांचं नाव आदराने घेतात, बाहेर कुणाला माहीत नाही. आउअरचं तरी ऐकलं असेल, पीटर्सबर्गला १८६८ पासून पन्नासेक वर्षं शिकवलं, हायफेट्झ, एल्मन, मिल्स्टाइन सगळे त्यांचे. चायकोव्हस्कीने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो आधी त्यांनाच अर्पण केला होता, त्यांनी तेव्हा तो वाजवला नाही, १८८१ मध्ये व्हिएन्नात ब्रॉडस्कीने पहिल्यांदा वाजवला. आउअरनी पुढे तो स्वतःही वाजवला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून तर जगभर गेला. डोरोथी डिले कधी स्टेजवरच्या स्टार नव्हत्या, पण मिदोरी, सारा चँग, गिल शाहम यांना त्यांनी घडवलं. व्हायोलिनवादक पर्लमन गालामियन या शिक्षकांकडे होता तेव्हा त्यांची सहायक म्हणून त्याला शिकवायच्या त्याही याच. या माणसांची कारकीर्द शिकवणं हीच होती, ती कशाच्याही शेपटाला नव्हती.

आपल्या संगीतातलं उदाहरण द्यायचं तर व्हायोलिनवादक एन. राजम. कार्यक्रम सगळ्यांनी ऐकले, पण त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात किती वर्षं शिकवलं त्यावर कोण बोलतं? मुलगी संगीता शंकर, भाची कला रामनाथ, नाती रागिणी आणि नंदिनी, सगळ्यांच्या हातात ते गायकी अंगाचं वाजवणं आलं ते समोर बसून शिकल्यामुळे. आपल्याकडे जमिनीवर बसून व्हायोलिनचं टोक पायावर टेकवतात, कारण वाद्याचा भार तिथे गेला की डावा हात मींडीसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मोकळा सरकतो. पाश्चात्त्य पद्धतीत तेच काम हनुवटी आणि खांदा करतात, हनुवटीखालचा चिनरेस्ट श्पोरने साधारण १८२० च्या सुमाराला आणला. पद्धती दोन आहेत पण प्रश्न एकच, डावा हात सुटा कसा राहील. मी दोन्ही पद्धतींचे शिक्षक बघितलेत, चांगला शिक्षक दोन्हीकडे आधी अंगठ्याकडेच बघतो.

एक अजून. शिकवल्यामुळे वाजवणं मागे पडतं असं म्हणतात, वेळेच्या बाबतीत ते खरं आहे, आठ मुलांनंतर स्वतःचा रियाज करायला अंगात त्राण उरत नाही. पण मला व्हिब्रेटो, म्हणजे तारेवरचं बोट हलवून सूर थरथरवणं, नीट कळला तो एका बारा वर्षांच्या मुलीला शिकवताना. तिला जमेना, माझे सगळे शब्द संपले, शेवटी मी माझाच हात अगदी सावकाश हलवून बघितला की मी नेमकं करते काय, तर हालचाल मला वाटायची तिथून सुरूच होत नव्हती. त्या आठवड्यात आम्ही दोघी एकदम शिकलो.

तर संपादक, माझी मागणी अशी. पुढच्या वेळी एखाद्या वादकाची मुलाखत घ्याल तेव्हा त्यांना एवढं विचारा की पहिल्या दिवशी तुमच्या हातात बो कुणी दिला, आणि बिघडलेला हात कुणी दुरुस्त केला. ती नावं सांगतील, सगळ्यांना ती पाठ असतात. ती छापा, जमल्यास त्या शिक्षकांकडे जाऊन एखादा तास नुसते बसा, क्लास चालू असताना. आणि वादक स्वतः शिकवत असेल तर त्याचे विद्यार्थी काय वाजवतात ते ऐकून या, मग लेख लिहा.

आपली,
एक व्हायोलिन शिक्षिका