रविवारच्या रॉकेट उड्डाणाबाबत सूचना

सर्व रॉकेटवाल्या कुटुंबांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 7 वाजता हरभरा निघालेल्या वावरात जमायचं आहे. नऊनंतर ऊन अन् वारा दोन्ही वाढतात, म्हणून उशीर नको.

यावेळी फक्त पाण्याचीच रॉकेटं. बाजूच्या वावरात पऱ्हाटी वाळून उभी आहे, धुऱ्यावरचं गवत तर नुसतं कुरकुरतं. एक ठिणगी पडली की संपलंच! बारुदाची मोटार (रॉकेटला ढकलणारी जळती नळी) कोणीही आणू नये, दाखवायलाही नाही.

बाटली कोल्ड्रिंकचीच हवी. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सहन करत नाही. ओरखडा किंवा दुमड असेल तर ती बाद. पाणी एक तृतीयांश भरा. मागच्या वेळी आमच्या पोट्ट्यानं गळ्यापर्यंत भरलं, रॉकेट जेमतेम बंडीएवढं उडालं आणि मी मात्र डोक्यापासून चिंब. हवेला जागाच नसेल तर पाणी ढकलणार कोण?

पंख चिकटवून झाल्यावर तोलाच्या जागी दोरी बांधून रिकामं रॉकेट गरगर फिरवून पाहा. नाक पुढे राहिलं तर ठीक, नाहीतर टोकात थोडी माती भरा. टोकाला खिळा किंवा पत्रा अजिबात नको.

हवा भरताना दाबाचा काटा 60 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. रॉकेट सोडायचा खटका 10 मीटर दोरीनं ओढायचा. हवा भरलेल्या बाटलीवर कोणी वाकू नये, मोठ्यांनीही.

सायकलचा पंप ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा.