यूपीएसचे मेल अलर्ट लावून घे

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस की यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणारा डबा, आणला, सर्व्हर त्यावर लावला, आता टेन्शन नाही. बरं वाटलं ऐकून, पण रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्या आधीच्या ऑफिसात यूपीएस बंद खोलीत होता, बॅटरी उतरलेली, बिचारा किती दिवस पीं पीं करत असेल देव जाणे, कुणालाच ऐकू गेलं नाही. मग एका रात्री लाइट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं, डेटाबेस खराब झाला आणि दोन दिवस मी तो जुळवत बसले. तुझी अख्ख्या वर्षाची मेहनत त्या डिस्कवर आहे, म्हणून सांगतेय, मेल अलर्ट लाव.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोड आणि नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर टाक, सगळे त्याला नट (NUT) म्हणतात. त्यातला यूपीएसमॉन (upsmon) हा प्रोग्राम यूपीएसवर लक्ष ठेवतो आणि काही झालं की तू त्याच्या नोटिफायसीएमडी (NOTIFYCMD) या सेटिंगमध्ये दिलेली स्क्रिप्ट चालवतो. पण एक लक्षात ठेव, डीफॉल्टला तो फक्त लॉगमध्ये लिहितो आणि स्क्रीनवर मेसेज टाकतो, स्क्रिप्ट चालायला प्रत्येक इव्हेंटच्या नोटिफायफ्लॅग (NOTIFYFLAG) सेटिंगमध्ये एक्झेक (EXEC) लिहावं लागतं. इथे मी एक संध्याकाळ घालवली होती.

स्क्रिप्टमधून मेल पाठवायला एमएसएमटीपी (msmtp) हा छोटा प्रोग्राम पुरे, पोर्ट ५८७ आणि टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, चालू. जीमेल वापरणार असशील तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, आधी गूगल खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर, मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळतो तो टाक. आणि पुढे कधी गूगलचा मेन पासवर्ड बदललास तर हा ॲप पासवर्ड रद्द होतो, मेल गुपचूप बंद होतात, म्हणून तेव्हा आठवणीने नवा टाक.

अजून एक, तू हाताने स्क्रिप्ट चालवशील आणि मेल येईल, खूश होशील, पण लाइट गेल्यावर येणार नाही. कारण यूपीएसमॉन स्क्रिप्ट तुझ्या नावाने चालवत नाही, वेगळ्या कमी अधिकारांच्या युजरने चालवतो, आणि पासवर्डची फाइल तुझ्या होम फोल्डरमध्ये असेल तर त्याला ती वाचताच येत नाही. फाइलची मालकी त्या युजरला दे आणि परमिशन ६०० ठेव, म्हणजे ती फक्त त्यालाच वाचता येईल.

लाइट दोन सेकंद गेली तरी मेल नको, नाहीतर आठवड्यात तू ते न वाचताच डिलीट करायला लागशील आणि खरा अलर्ट त्यातच जाईल. नटमधल्याच यूपीएसशेडने (upssched) ३० सेकंदांचा टायमर लाव, तेवढ्यात लाइट आली तर टायमर कॅन्सल. बॅटरी लो झाली, बॅटरी बदलायची वेळ आली किंवा केबलचं कनेक्शन तुटलं तर मात्र लगेच मेल यायला हवा. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, त्यामुळे बॅटरी बदला हा मेल कधीतरी येणारच.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, राउटर आणि मॉडेमही यूपीएसवरच लाव गं! लाइट गेल्यावर नेटच बंद पडलं तर मेल जाणार कुठून? दोघं मिळून फार करंट घेत नाहीत. शिवाय रोज सकाळी एक साधा मेल येऊ दे, बॅटरी किती टक्के, लोड किती एवढंच, म्हणजे ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी तुला कळेल की काहीतरी बिघडलंय.

रविवारी टेस्ट कर. आधी सगळं सेव्ह कर, बॅकअप घे, मग भिंतीवरचा स्विच बंद कर आणि मोबाइलवर, वायफाय बंद ठेवून, मेल येतो का बघ. मेल जाणाऱ्यांच्या लिस्टमध्ये माझाही ॲड्रेस टाक, तू झोपेत असलीस तर मी फोन करेन. टेस्टचा पहिला मेल आला की मलाही दिसेलच, वाट बघतेय.

तुझी,
आई