थॉमस सोवेल आणि वर्ग दोनची जमीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस सोवेल यांच्यावर आलेला लेख वाचला. नव्वदी ओलांडलेल्या या विचारवंताची मराठी वाचकांना ओळख करून दिल्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत, कारण आपल्याकडे त्यांचे नाव घेणारे पुष्कळ आणि त्यांना वाचलेले थोडे, अशी स्थिती आहे. लेखाचा पूर्वार्ध मला आवडला. उत्तरार्धात मात्र सोवेल यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून ‘मागासलेपण हा संस्कारांचा प्रश्न आहे, अन्यायाचा नव्हे, सबब आरक्षण गुंडाळावे’ असा जो बार उडवला आहे, तो त्यांच्या लेखनातून निघत नाही, असे माझे मत आहे.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. एका बँकेच्या ग्रामीण शाखांत, त्यातही बराच काळ नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत, कर्जविभागात काम करून निवृत्त झालो आणि मग वाचनाला सवड मिळाली. ज्या जातीत जन्मलो तिला आरक्षण नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे कुणाला तर्क करत बसायला नको.

आधी एक दुरुस्ती. शिकागो विद्यापीठात खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्याकडे शिकल्यामुळे सोवेल यांचा मार्क्सवाद सुटला, असे लेखात म्हटले आहे. स्वतः सोवेल यांनी उलट सांगितले आहे. फ्रीडमन यांच्या वर्गात बसूनही ते मार्क्सवादीच राहिले होते आणि मत बदलले ते १९६० च्या उन्हाळ्यात, अमेरिकी सरकारच्या कामगार खात्यात उमेदवारी करताना. प्वेर्तो रिकोच्या साखर उद्योगात किमान वेतन वाढत होते आणि रोजगार घटत होता. वेतनवाढीमुळे मजूर कमी लावले जातात, असे एक पक्ष म्हणे, तर वादळांनी ऊस झोपवला म्हणून काम कमी झाले, असे दुसरा म्हणे. सोवेल यांनी विचार करून सुचवले की, वादळ येण्यापूर्वी शेतात किती ऊस उभा होता याचे आकडे मिळवले, तर वादाचा निकाल लागेल. खात्यातल्या मंडळींना या सूचनेचा आनंद झाला नाही, कारण किमान वेतनाचा कायदा राबवणे हे खात्याचे एक मोठे काम होते आणि त्याच्या पैशाचा मोठा भाग त्यावर येत होता. ऊसवाल्या भागातल्या माझ्यासारख्याला हा दाखला चटकन कळतो. एखादे धोरण कोणत्या हेतूने आखले यापेक्षा त्यातून प्रत्यक्ष काय घडले ते पाहा, आणि ते राबवणाऱ्यांचे हितसंबंध कशात आहेत तेही पाहा, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचा गाभा आहे.

आता संस्कृतीबद्दल. लेखकाने ‘कल्चर’चे मराठी ‘संस्कार’ असे केले आहे आणि घोळ तिथेच सुरू झाला आहे. आपल्याकडे ‘संस्कार’ म्हटले की घरातले वळण, सचोटी, शुभंकरोती असे काहीसे डोळ्यांपुढे येते, आणि मग एखाद्या समाजात ते ‘नाहीत’ असे म्हणणे फार सोपे होते. सोवेल यांच्या लेखी संस्कृती म्हणजे पिढ्यानपिढ्या साठलेली कौशल्ये, कामाच्या सवयी, हिशेबाची रीत, शिक्षणाकडे आणि उद्याकडे पाहण्याची दृष्टी. ती रक्तात नसते, हे त्यांनी वारंवार लिहिले आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील ज्या स्थलांतरित गटांचे बुद्ध्यंक कमी आढळले होते, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांचे ते किती वाढले, हे दाखवून त्यांनी वंशाने बुद्धी ठरते या समजुतीविरुद्ध बाजू मांडली. लेखात याचा उल्लेख नाही.

सोवेल यांचा आवडता पुरावा वेस्ट इंडीजमधून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीयांचा आहे. रंग तोच, पूर्वज तसेच गुलाम, अमेरिकी गोऱ्यांची नजरही तीच, तरीही या स्थलांतरितांची मिळकत अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांहून अधिक. म्हणजे वर्णद्वेष हेच एकमेव कारण असते, तर हा फरक पडला नसता, हा त्यांचा युक्तिवाद लेखकाने दिला आहे. (घरदार सोडून परदेशी जाणारी माणसे मुळातच अधिक धडपडी असतात, हा टीकाकारांचा आक्षेपही त्याला जोडून द्यायला हवा होता.) पण फरक पडला कशाने, याचे सोवेल यांनीच दिलेले उत्तर लेखात गळले आहे. कॅरिबियन बेटांवर मळेवाले गुलामांना पोटापुरते पिकवायला जमिनीचा तुकडा देत, आणि गुलाम त्यावर पिकवून उरलेला माल बाजारात नेऊन विकत. अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक गुलामांना मालकाकडून शिधा मिळे. एकाकडे गुलामीतही पेरणी, बाजार, भाव आणि शिल्लक यांचा अनुभव साठला, दुसऱ्याला तो मिळू दिला गेला नाही. म्हणजे ज्याला आपण संस्कृती म्हणतो, तिच्या बुडाशी जमिनीचा एक तुकडा आणि तो कोणत्या अटीवर मिळाला, ही गोष्ट आहे. हे मी म्हणत नाही, सोवेल म्हणतात.

जमिनीच्या अटी हा माझ्या नोकरीतला रोजचा विषय होता. आपल्या जिल्ह्यात गावोगाव महार वतनाच्या जमिनी होत्या. गावकीची कामे वंशपरंपरेने करायची, निरोप पोहोचवायचे, सरकारी अंमलदारांच्या मागे धावायचे, आणि त्याबदल्यात थोडी जमीन व बलुते. या वतनाने माणूस गावकीला जखडला जातो, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले होते. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येणार नाहीत अशा. सातबाऱ्यावर ती ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून दिसते. जमीन दांडग्यांच्या घशात जाऊ नये हा अटीमागचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, कर्जाच्या अर्जाला वर्ग दोनचा उतारा जोडलेला दिसला, की आमच्या शाखेत हात आखडला जाई, कारण कर्ज थकले तर अशी जमीन सहज विकता येत नाही.

१९९० च्या दशकातला एक अर्ज मला आजही आठवतो. एका तरुणाला वडिलोपार्जित वतनाच्या जमिनीवर द्राक्षबाग लावायची होती. मांडवाचे अँगल, तारा, ठिबक यांचा खर्च त्याने वहीच्या पानावर मांडून आणला होता आणि तो हिशेब आमच्या कृषी अधिकाऱ्याच्या हिशेबापेक्षा नेटका होता. उताऱ्यावर भाऊबंदांची डझनभर नावे होती. दोन जामीनदार हवेत, असे आम्ही सांगितले. त्याने चुलत्याला आणले, तर त्याचीही जमीन वर्ग दोनची. वर्ग एकची, म्हणजे अशी अट नसलेली, जमीन असणारे त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी नव्हते आणि गावातले बागायतदार त्याला जामीन राहीनात. अर्ज त्रुटी दाखवून परत गेला. शेजारच्या, तशाच मातीच्या, वर्ग एकच्या गटावर आम्ही त्याच वर्षी कर्ज दिले. दोघांनाही नियम एकच लावला होता, कुणाची जात विचारली नव्हती, आणि परत पाठवण्याच्या शेऱ्याखाली सही माझी होती. पुढे तो तरुण दुसऱ्यांच्या बागांत छाटणी करणाऱ्या टोळीचा मुकादम झाला आणि ऑक्टोबर छाटणीला त्याची टोळी मिळावी म्हणून बागायतदार आगाऊ पैसे देत. त्याच्याकडे कोणते संस्कार कमी होते, हे लेखकाने मला सांगावे.

भेदभावाचे प्रकार सोवेल यांनी २०१८ च्या पुस्तकात वेगळे केले आहेत. एखाद्या गटाबद्दल मनात अढी असल्यामुळे होणारा भेदभाव वेगळा, आणि प्रत्येक व्यक्ती तपासणे महाग पडते म्हणून गटावरून अंदाज बांधणे वेगळे. आमच्या शाखेतला भेदभाव या दुसऱ्या प्रकारचा होता. तो समजावून घ्यायला मला सोवेलच उपयोगी पडले, हे प्रांजळपणे मान्य करतो.

जिथे ते पटत नाहीत तेही सांगतो. स्पर्धेच्या बाजारात भेदभाव करणाऱ्याला स्वतःला तोटा सोसावा लागतो, म्हणून बाजार हळूहळू भेदभाव झिजवतो, असे ते मानतात. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांना ट्राममध्ये वेगळे बसवण्याच्या कायद्यांना ट्राम कंपन्यांनीच खर्चापोटी विरोध केला होता, हे त्यांचे उदाहरण खरे आहे. पण सगळीच दारे बाजाराकडे उघडत नाहीत. सोवेल जन्मले त्याच वर्षी, २ मार्च १९३० ला, आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, कारण ते अडवून धरणाऱ्याला बाजारात त्याची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. आणि बाजार जिथे आहे तिथे तरी काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याच्या संधीचे गुणोत्तर ०.६७, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश, भरले.

आरक्षणाने कार्यक्षमता बुडते, हे लेखातले विधान तर पुराव्याविनाच आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेचे १९८० ते २००२ या काळातले आकडे तपासले, तेव्हा राखीव जागांमुळे उत्पादकता घटल्याचे आढळले नाही. मनमाड-इगतपुरीच्या रेल्वेवाल्यांना याचे नवल वाटणार नाही. तसेच ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ हे वाक्य लेखात पुन्हा आले आहे. घटनेच्या ३३४ व्या कलमातील दहा वर्षांची मुदत लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती होती, शिक्षण आणि नोकऱ्यांना ती कधीच नव्हती.

भारतातील आरक्षणावर सोवेल यांची टीका आहे, आणि ती झोंबणारी आहे. २००४ च्या पुस्तकात भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका या देशांची तुलना करून ते म्हणतात की, राखीव जागा घेण्यासाठीही आधीचे शिक्षण आणि थोडाफार पैसा लागतो, म्हणून लाभ गटातल्या बऱ्या स्थितीतल्या माणसांकडे जातो आणि तळातला तिथेच राहतो. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्याकडे आणि इगतपुरीच्या कातकरी वाड्यांकडे पाहिले, तर हे खोटे म्हणवत नाही. पण यावरून निघणारा निष्कर्ष आरक्षण काढून घेण्याचा नसून वाटा नीट विभागण्याचा आहे. भटक्या-विमुक्तांचे अ, ब, क, ड असे गट करून महाराष्ट्राने ते आधीच केले आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींतही उपवर्गीकरणाला परवानगी दिली आहे. त्याबरोबर वसतिगृहातला खाटेचा आणि जेवणाचा प्रश्न सुटला नाही, तर राखीव जागा कागदावरच राहील, हेही सोवेल यांच्याच विचारातून निघते.

शेवटी एक विनंती. जिल्ह्यातील बँकांची बैठक दर तिमाहीला होते आणि कर्जवाटपाचे आकडे तिथे मांडले जातात. आपल्या वार्ताहराने अग्रणी बँकेकडून (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेकडून) आणि तहसील कार्यालयांकडून एवढेच मिळवावे की, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत वर्ग दोनच्या वतनी जमिनी आज किती उरल्या आहेत, आणि गेल्या दहा वर्षांत त्यांतील किती खातेदारांना मुदत कर्ज मिळाले. ते आकडे छापून आले, की पुरवणीतल्या लेखकाशी पुढचे बोलणे करता येईल.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
गंगापूर रोड, नाशिक