शेंगावाल्या अव्वास

प्रिय अव्वा,

तुला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. माझी वहिनी कन्नड शाळेत शिकलेली आहे, ती थांब्यावर येऊन तुला हे पत्र ओळीओळीने सांगणार आहे. तरी आधी उघड लिहितेय, कारण त्या संध्याकाळी जे झालं ते चारचौघांसमोर झालं. आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

गणपती होऊन पंधरवडा झाला होता. बेळगावच्या उद्यमबागेतलं काम सुटलं की मी खानापूरच्या बससाठी त्याच थांब्यावर उभी असते, हे तू रोज बघतेस. तो मोटरसायकलवाला चार दिवस येत होता. पहिल्या दिवशी नुसता बघत बसला. दुसऱ्या दिवशी नंबर मागितला. मग माझ्या गावाचं नाव घेऊन 'सोडतो की' म्हणाला. मी घरी काही बोलले नाही. बोलले असते तर 'उद्यापासून कामावर जाऊ नको' हेच ऐकावं लागलं असतं. आमच्याकडच्या किती पोरींचं कॉलेज, किती जणींची नोकरी अशी सुटली आहे. वागतो कुणी तिसराच, आणि घरात बसते ती.

पाचव्या दिवशी त्याने गाडी माझ्यासमोर आडवी घातली आणि पर्सचा पट्टा धरला.

चहाच्या गाड्यावर सात-आठ जण होते. फाउंड्रीतून सुटलेली पोरं होती, हातांना अजून काळी माती लागलेली. थांब्याच्या कट्ट्यावर चौघंजण बसले होते. एकाने मोबाईल वर धरला होता, तो फोन लावायला नव्हे. आणि आमच्याच गल्लीतले एक काका होते, ज्यांच्या घरी मी लहानपणी हळदीकुंकवाला गेलेय. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि डब्याच्या पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. पट्टा ओढणाऱ्या त्या हातापेक्षा मला ती चेन जास्त आठवते.

नंतर ते वडिलांना म्हणाले, "मला वाटलं ओळखीतला असेल. आपसातलं भांडण, मध्ये कशाला पडा."

तुला काही वाटत बसायला वेळच लागला नाही. तू मापटं पोत्यात खुपसलंस, गुडघ्यावर हात टेकून उठलीस आणि आधी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे आलीस. बांगड्यांच्या वर मनगट धरलंस आणि म्हणालीस, "बा यव्वा, इल्ली कुंद्र." ये बाई, इथं बस. आपल्या पोत्यावर मला बसवलंस. पट्टा त्याच्या हातातून कधी सुटला ते कळलंच नाही. मग त्याच्याकडे वळून मोठ्याने विचारलंस, "यार नी? हेसर एन?" कोण तू, नाव काय तुझं? एवढंच. शिवी नाही, हात उगारणं नाही. त्याला नाव सांगता येईना.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. त्या गर्दीतल्या एकाच पोराकडे तू बोट दाखवलंस, निळ्या शर्टाच्या. "नी, गाडी नंबर बर्को." तू नंबर लिहून घे. तो दचकला. खिशातलं पेन काढून त्याने तळहातावर नंबर लिहिला. तो लिहितोय म्हटल्यावर चहावाला गाड्यामागून बाहेर आला, त्याच्यामागे आणखी दोघे. मघापासून खिळून राहिलेली माणसं हलली. मोटरसायकलवाला गाडी वळवून गेला.

माझी मामेबहीण मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मला जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. हा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के ती फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं ज्यांना वाटलं, त्यांतले ३१ टक्केच. जबाबदारी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो, दुसरा शांत दिसला की विशेष काही नसेल असं धरून चालतो. अव्वा, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. 'अरे कुणीतरी बघा रे' असं तू ओरडली नाहीस. एकाला वेचलंस आणि काम सांगितलंस.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वंटमुरीत, एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्या गावालाही जाब विचारला. सोडवायला एकच माणूस पुढे गेला होता, त्यालाही मार बसला. ती बातमी वाचताना मी 'कसली माणसं ही' म्हणाले होते. पुढे थांब्यावर कळलं की ती माणसं चहा पिणारी, डबा घेऊन कामाला जाणारी, आपल्या गल्लीतलीच असतात. मला त्यांचा राग आहे. काकांचा अजून आहे.

तळहातावरच्या त्या नंबरामुळेच तक्रार करता आली. आई 'बोभाटा होईल' म्हणत होती, वडील गप्प होते, शेवटी वहिनी माझ्याबरोबर आली. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला तिथं समजलं. बाईच्या विनयभंगासाठी अंगावर हात टाकला तर कलम ७४, एक ते पाच वर्षं. तो परत थांब्यावर दिसलेला नाही.

आणखी एक सांगायचंय, आणि हे लिहिताना मला जरा जड जातंय. आमचं घर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारं. आजोबा सीमालढ्याच्या मोर्चांना जायचे. त्याच दिवशी तुमच्याकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागतात. आमचं दुःख खरं आहे, ते मी सोडणार नाही. पण मी 'सोड, सोड' म्हणाले ते मराठीत, आणि उठलीस ती तू. माझी भाषा बोलणारे बसून होते. तू शेंगा म्हणतेस, मीही शेंगाच म्हणते. त्या दिवशी तू माझ्या ओंजळीत ओल्या शेंगा ओतल्यास, माझे हात थरथरत होते म्हणून एकेक फोडून दिल्यास, पैसे घेतले नाहीस. तुझी बस आली, तिला तू हात केला नाहीस. माझी येईपर्यंत बसून राहिलीस.

गेल्या महिन्यात मी मध्यवर्ती बसस्थानकावर होते. शाळेच्या गणवेशातली एक पोर बाकाच्या टोकाला सरकत चालली होती, आणि एक माणूस तिच्याकडे सरकत होता. अव्वा, माझे पाय हलेनात. मी इकडेतिकडे बघितलं, कुणीतरी उठेल म्हणून. मग मनगटावर तुझा हात आठवला. मी जाऊन तिला म्हटलं, "बाळ, इकडे ये, माझ्याजवळ बस." समोर पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थांना म्हटलं, "काका, तुम्ही, जरा इथं येऊन उभे राहा." ते आले. तो माणूस उठून गेला. ती पोर कन्नड बोलत होती. तिची बस येईपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही.

बुधवारी वहिनीला घेऊन येते. ओल्या शेंगा निघाल्या असतील तर दोन मापटी बाजूला ठेव, आणि या वेळी पैसे घे.

तुझी,
थांब्यावरची पोर