जुन्या शिडाच्या बोटीला दुरुस्तीला जागा द्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

'म्हादेई' ही शिडाची बोट २००९ ला गोव्यात बांधली आणि तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे आणि मग अभिलाष टॉमी एकट्याने जगाला चक्कर मारून आले, त्याचं कौतुक आपण सगळेच करतो, पण जुनी शिडाची बोट सांभाळायची म्हटलं तर काय हाल होतात ते कुणी विचारत नाही.

आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक २९ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. पावसाळ्याआधी बाहेर काढली तर पाण्याखालच्या भागावर फोड आलेले, एक फोडला तर आतून व्हिनेगरसारख्या वासाचं चिकट पाणी, म्हणजे जेलकोटमधून, फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून, पाणी आत मुरलेलं! असे फोड घासून उघडायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि नीट वाळल्याशिवाय इपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारं राळेचं लुकण, लावायचं नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर काय वाळणार सांगा. डेक हातोडीने ठोकत गेलो, मास्टच्या (शिडाच्या डोलकाठीच्या) बुडाशी टणटण जाऊन एकदम बद्द आवाज, म्हणजे डेकच्या फायबरच्या थरांमधलं हलकं बाल्सा लाकूड कुजलेलं.

आधी एका यार्डवाल्याने पाण्याखाली साधे पितळी स्क्रू मारले होते, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त गेलं, गुलाबी पडले आणि बोटाने तुटले. तिथे ब्राँझच लागतं, पैसे मात्र त्याने ब्राँझचेच घेतले, असो.

आमचं म्हणणं एवढंच की, किनाऱ्यावर एखादी छप्पर असलेली सार्वजनिक स्लिपवे (बोट पाण्यातून वर ओढायचा उतार) द्या, भाडं भरू, काम आमचं आम्ही करू.

- एक वाचक, अलिबाग