मॅन्टिसबीटी उभं करून देणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

आमच्या सर्व्हरवर मॅन्टिसबीटी, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवणारी वेब-प्रणाली, उभं करून दिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. इन्स्टॉलर चालवून देणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही प्रत्येक सेटिंगमागचं कारण सांगितलंत, म्हणून आज काही अडलं तर आधी कुठे बघायचं हे आम्हाला कळतं. पुढे हेच काम करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, यासाठी हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत.

डेटाबेससाठी रूट हे सर्वाधिकारी खातं न वापरता वेगळा यूजर तयार करायला लावलात. इन्स्टॉल आणि अपग्रेडच्या वेळी त्याला क्रिएट, ऑल्टर, इंडेक्स, ड्रॉप हे अधिकार लागतात. रोजच्या वापराला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट पुरतात, तेव्हा बाकीचे काढून घ्यायचे. ॲडमिन फोल्डरमधली तपासणी आधी चालवायची, तिच्यातल्या तक्रारी निस्तरायच्या आणि मगच तो फोल्डर सर्व्हरवरून उडवायचा, हा क्रमही तुमचाच. 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि 'रूट' ही सुरुवातीची लॉगिन-पासवर्डची जोडी सगळ्या जगाला ठाऊक आहे, त्यामुळे नवं ॲडमिन खातं काढून जुनं बंद करणं त्याच बैठकीत उरकलं पाहिजे.

साइटचा पूर्ण पत्ता सेटिंग फाइलमध्ये हाताने लिहा, एचटीटीपीएससकट आणि शेवटच्या तिरक्या रेघेसकट, हा आग्रह किती मोलाचा होता! पत्ता लिहिलेला नसेल तर मॅन्टिस तो ब्राउझरच्या विनंतीवरून ठरवतं. मग प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) दुवे चुकू शकतात, आणि कुणी विनंतीत बनावट होस्ट (साइटचं नाव) पाठवला तर पासवर्ड बदलण्याच्या मेलमध्ये परका पत्ता जाऊ शकतो.

सर्वांत जास्त ऋणी आहोत ते मेलच्या बाबतीत. मुळात कुणी नोंद केली की मॅन्टिस त्याच वेब-विनंतीच्या शेवटी मेल पाठवतं. मेल सर्व्हर मंद असला की नोंद करणारा माणूस ताटकळतो. तुम्ही क्रॉनचा (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीचा) पर्याय चालू करून दर 5 मिनिटांनी मेल पाठवणारी स्क्रिप्ट वेब सर्व्हरच्याच यूजरने चालवली. इथली खरी मेख तुम्ही दाखवलीत: मॅन्टिस ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची कमांड लाइनसाठीची सेटिंग फाइल बरेचदा वेगळी असते. तिथे डेटाबेसशी जोडणारं मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शन नसेल तर ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत दिसतं आणि मेल मात्र ईमेलच्या टेबलात साचत राहतात. टेबलात ओळी साचल्या असतील तर दोष पाठवण्यात. टेबल रिकामं असेल तर 'पाठवणारा' पत्ता, त्या डोमेनचा एसपीएफ (त्याच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) आणि सदस्याची सूचना-पसंती तपासायची. शिवाय स्वतः केलेल्या बदलाचा मेल स्वतःला येत नाही, हे मूळ सेटिंगच आहे. चाचणी नेहमी दुसऱ्या खात्यावरून करावी. हे ठाऊक नसलेला माणूस दिवसभर एसएमटीपीला, म्हणजे मेल पाठवणाऱ्या यंत्रणेला, दोष देत बसेल.

मोठा स्क्रीनशॉट चढत नसेल तर सर्वांत लहान मर्यादा शोधा, असं सांगितलंत. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात 1 एमबीवर अडवतो आणि 413 ('फार मोठं') ही चूक दाखवतो, पीएचपीची फाइल-मर्यादा 2 एमबी आणि पोस्टची 8 एमबी असते, मॅन्टिसची स्वतःची आणखी निराळी. फाइल डेटाबेसमध्ये साठवत असू तर मायएसक्यूएलची पॅकेट-मर्यादाही त्यात आलीच.

नोंदींसाठी नवा स्टेटस वाढवायचा असेल तर 50 (सोपवलेली) आणि 80 (सोडवलेली) यांच्या मधला आकडा घ्यायचा आणि त्याचा रंग व नाव, दोन्ही आपापल्या जागी द्यायचं, हेही वहीत लिहून ठेवलं आहे.

बॅकअपमध्ये डेटाबेसच्या डंपसोबत कॉन्फिग फोल्डर हवाच, कारण गुप्त सॉल्ट (सुरक्षेसाठी वापरली जाणारी गुप्त अक्षरमाला) तिथे असतं. तुमच्या सूचनेप्रमाणे ती प्रत वेगळ्या मशीनवर, कुलूपबंद ठेवतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मॅन्टिस सांभाळणारे आम्ही सर्व